सातपर्यंत एक रिंग

मिक्सर बंद केला तेव्हा फोन वाजायचा थांबला होता. की वाजलाच नव्हता? कौमुदीने खोबऱ्याने माखलेला हात तसाच हवेत धरला आणि बाहेरच्या खोलीकडे कान दिला. वाजला होता. मिक्सरच्या घरघरीआडून एक बारीक आवाज आला होता, तिने बटण फिरवलं होतं, पातं थांबेपर्यंत एखादा सेकंद गेला होता आणि मग काहीच नव्हतं. एक रिंग की दोन, सांगता येत नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळात सकाळचे सहा वाजायला दहा मिनिटं होती. तिने मनात दहा तास वजा केले. तिकडे कॅनडात शनिवारची संध्याकाळ, आठला दहा मिनिटं. मुदत इथल्या सातपर्यंतची होती, म्हणजे तिकडच्या नऊपर्यंतची. तेव्हा ही नचिकेतचीच, तिच्या मुलाचीच रिंग. डोंगरातून परत आला, घरी पोचला, ठरल्याप्रमाणे एक रिंग दिली. सगळं जुळत होतं. तिने हात धुतले, चटणी डब्यात भरली, डब्याचं झाकण लावलं. सुटल्यासारखं मात्र वाटेना. प्रयोगशाळेत वीस वर्षं काढलेल्या बाईला एवढं कळत होतं, की जे आकडे आपल्याला हवे तसेच येतात ते पुन्हा एकदा मोजून बघायचे असतात.

एक रिंग म्हणजे पोचलो. दोन म्हणजे तू फोन कर. ही पद्धत राजाभाऊंनी, तिच्या नवऱ्याने, लग्नानंतर तिला कुवेतला आणलं तेव्हाच घालून दिली होती. पुण्याला विमान पोचलं की एक रिंग, सासूबाईंची तब्येत बिघडली की दोन. फोन उचलायचा नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. पुढे त्यांची सगळी अब्बासिया वस्तीच रिंगवर चालायला लागली; कंपनीची बस आली की रिंग, शाळेची गाडी कोपऱ्यावर दिसली की रिंग, खालच्या दुकानात नारळ आले की दुकानदाराचीसुद्धा रिंग. नचिकेत आठ वर्षांचा असताना मित्राकडे पोचला की रिंग द्यायचा आणि ती स्वयंपाकघरातून नुसतं ‘हं’ म्हणायची. आता तो बावीस वर्षांचा होता, चार वर्षांपूर्वी शिकायला म्हणून गेला आणि तिकडेच एका लहान गावात गॅस प्लांटमध्ये नोकरीला लागला होता, आणि अजूनही दर शुक्रवारी बोलायचा आणि मधल्या दिवसांत एखादी रिंग द्यायचा. शुक्रवार तिची सुट्टी होती, त्याची नव्हती. तिची सुट्टी गुरुवार-शुक्रवार आणि त्याची शनिवार-रविवार. दोघांना मिळून मोकळा असा एकही दिवस आठवड्यात नव्हता. हे तिच्या एकदा लक्षात आलं होतं आणि मग ते तिने लक्षातून काढून टाकलं होतं.

तीन आठवड्यांपूर्वी त्याने ईमेलने एक फॉर्म पाठवला. तिने तो लॅबमधल्या प्रिंटरवर छापून घेतला, आणि शुऐब्याच्या खत कारखान्यातून परत येताना बसमध्ये वाचला. बर्फावर चालवायच्या मोटारगाडीने, स्नोमोबाइलने, डोंगरात जाणाऱ्या प्रत्येकाने तो भरून मागे ठेवायचा असतो. कुठल्या दरीत जाणार, किती जण, किती वाजता परत, परत आलो नाही तर कुणाला फोन करायचा त्याचा नंबर. आणि शेवटी एक ओळ: ठरलेल्या वेळी मी आलो नाही तर जी व्यक्ती हा फोन करील तिचं नाव. तिथे त्याने लिहिलं होतं, कौमुदी रानडे, आई, कुवेत. तिने ती ओळ दोन-तीनदा वाचली. खिडकीबाहेर रिफायनरीच्या ज्वाळा दिवसाढवळ्या फिक्या दिसत होत्या. जवळ दुसरं कुणी नाही का, हा प्रश्न तिला पडला आणि तो तिने शुक्रवारी विचारला नाही. त्यानेच सांगितलं. “इन्स्ट्रक्टर विचारतो, कुवेत म्हणजे कुठली व्हॅली? मी म्हटलं, फ्लॅट व्हॅली.” आणि हसला. तीही हसली.

त्या शुक्रवारी तो जितका बोलला तितका गेल्या दोन वर्षांत बोलला नव्हता. दोन दिवसांचं ट्रेनिंग होतं, एक दिवस वर्गात आणि एक दिवस डोंगरावर. हिमकडा कोसळला तर काय करायचं आणि तो कोसळूच नये म्हणून काय करायचं नाही.

“आई, ऐकतेयस ना? एखाद्याची गाडी उतारावर अडकली, तर दुसऱ्याने वर जायचं नाही. दॅट्स द फर्स्ट थिंग.”

“मदतीलासुद्धा नाही?”

“मदतीलाच जातात गं, आणि दोघं खाली येतात. बाजूला थांबायचं. बघत राहायचं.”

“नुसतं बघत?”

“नुसतं नाही. कुठे दिसेनासा झाला ते लक्षात ठेवायचं. तिथून खाली शोधायला लागायचं.”

तिने त्याला युरियाच्या गोदामाबद्दल सांगितलं. ती नमुने घ्यायला जायची त्या गोदामात पांढऱ्या दाण्यांचा तीन मजली डोंगर असायचा, तीस अंशांच्या आसपास उतार धरून. दमट हवा आली की वर कडक पापुद्रा धरायचा आणि खाली दाणे सुटे राहायचे. “वीक लेअर,” तो म्हणाला, “एक्झॅक्टली तेच.” मग तिने जयरामबद्दल सांगितलं, जो तिथे लोडर चालवायचा, मालवणकडचा, आणि ढिगाखाली कधीच उभा राहायचा नाही. म्हणायचा, बाई, हो पांढरो निजलेलो आसा, तेका उठवूचा नाय. नचिकेत इतका हसला की त्याला ठसका लागला. “त्याला आमच्याकडे शिकवायला पाठव.” मग त्याने छातीला बांधायच्या त्या छोट्या यंत्राबद्दल सांगितलं, बीकन. ते सारखं संदेश पाठवत असतं. कुणी गाडला गेला की बाकीच्यांनी आपापलं यंत्र झटकन शोधण्यावर न्यायचं. एक जण जरी विसरला आणि त्याचं पाठवतच राहिलं, तर बाकीचे त्याच्याच भोवती फिरत बसतात. वर उभ्या असलेल्या, धडधाकट माणसाभोवती. आणि खाली एक जण राहून जातो.

ते आठवलं आणि डबा पिशवीत ठेवता ठेवता ती थांबली. आपण कुणाच्या रिंगभोवती फिरतो आहोत?

तिच्या फोनला आकडे दाखवणारी खिडकी नव्हती. तोच जुना मळकट पांढरा फोन, नव्वद साली इराकी फौजा आल्या तेव्हा सगळं टाकून गेले आणि परत आले तेव्हा ज्या थोड्या गोष्टी घरात शिल्लक होत्या त्यातला. तिने त्याच्या मोबाइलवर फोन लावला. एका बाईने इंग्रजीत सांगितलं की हा ग्राहक आत्ता उपलब्ध नाही. घरच्या फोनवर त्याचा स्वतःचा रेकॉर्ड केलेला आवाज आला, जरा जाडसर, नाव सांगताना ‘नाच’ एवढंच म्हणणारा. तिने निरोप ठेवला नाही. काय ठेवायचा? सहा वाजून पाच मिनिटं.

नचिकेतने ट्रेनिंगचे कागदही पाठवले होते, आणि त्यातली एक आकृती तिने ग्राफपेपरवर नीट काढून घेतली होती. का, ते तिला सांगता आलं नसतं. आडव्या रेषेवर गाडला गेल्यापासूनची मिनिटं, उभ्या रेषेवर शंभरांतले जिवंत सापडलेले. पहिली पंधरा-अठरा मिनिटं रेषा वरच राहते, बहुतेक जण जिवंत निघतात. मग ती एकदम कड्यासारखी खाली येते. पस्तीस मिनिटांपाशी तिसरा हिस्साही उरत नाही. म्हणून, तो म्हणाला होता, हेलिकॉप्टरची वाट बघत बसायचं नाही. बरोबरचे वाचवतात, नाहीतर कुणीच नाही. तिने रेषा पेन्सिलीने काढली, आणि मग चाळीसवर एक बारीक टिंब दिलं, आणि ते खोडून टाकलं. कागदावर खोडल्याची जागा राहिली.

अठ्ठ्याण्णव सालचा डिसेंबर होता. राजाभाऊ पहाटे पाचला उठून बसले. “ॲसिडिटी झालीय बहुतेक,” म्हणाले. तिने पाणी दिलं, गोळी दिली. त्यांनी बनियनच्या आत हात घालून छातीची डावी बाजू चोळली, आणि ती चोळण्याची पद्धत तिला आवडली नाही, हे तिला आजही स्पष्ट आठवत होतं. तिच्या लक्षात आलं होतं. नचिकेत दारात येऊन उभा राहिला, पंधरा वर्षांचा, उंच आणि किडकिडीत, शाळेचा शर्ट अर्धा घातलेला. “ॲम्ब्युलन्सला फोन करू?” राजाभाऊ म्हणाले, “काही नको गडबड. सगळी बिल्डिंग जागी होईल.” आणि ती म्हणाली, “थांब जरा.” तो थांबला. दाराला टेकून, बघत. त्या बघण्याची तिला तेव्हा अडचण झाली होती, तिने त्याला जाऊन चहा टाक असंही सांगितलं होतं. इथे राहणाऱ्या माणसांना थांबायची सवय लागते. इकाम्यासाठी, राहण्याच्या परवान्यासाठी थांबायचं, शिक्क्यासाठी थांबायचं, आपलं नाव घेऊन कुणी हाक मारीपर्यंत बाकावर बसून राहायचं, आवाज चढवायचा नाही. थांबण्यात ती दोघं इतकी तरबेज झाली होती की त्या पहाटेही त्यांनी ते नीट, शांतपणे, चाळीस मिनिटं केलं. इस्पितळातले डॉक्टर भले होते. अर्धा तास आधी आणायला हवं होतं एवढंच म्हणाले, आणि तेही तिने विचारलं म्हणून. मागे नचिकेत उभा होता. त्यालाही ते ऐकू गेलं असणार. त्या चाळीस मिनिटांबद्दल दोघं एकमेकांशी कधीही बोलले नाहीत. तो पुढे चांगल्या मार्कांनी पास झाला, कॅनडाचे फॉर्म त्याने स्वतःच भरले, विमानतळावर वाकून नमस्कार केला. कुठे दिसेनासा झाला ते लक्षात ठेवायचं असतं. तिने तो विमानतळावर दिसेनासा झाला असं धरलं होतं. पण ती जागा बहुधा दुसरीच होती. त्या दाराशी, अर्ध्या शर्टात.

बेल वाजली. दारात योगिनी होती, वरच्या मजल्यावरची, त्याच कंपनीत नकाशे काढण्याच्या विभागात काम करणारी. खांद्याला पर्स, हातात डबा, केस अजून ओले.

“अहो कौमुदीताई, काय हे? बस येऊन उभी. ड्रायव्हर इद्रीस खालून विचारतोय, मॅडमसाठी वरात पाठवू का म्हणून. आज लवकर निघायचंय, सुलैबियाची माणसं घेत जायचंय. लवकर आवरा म्हणून रिंग दिली होती ना मी तुम्हाला.”

“किती वाजता?”

“मघाशी. पावणेसहा, दहा कमी, अशीच. उचलली नाहीत ना? उचलायची नसते हो ती.” आणि हसता हसता तिने कौमुदीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. “काय झालं?”

कौमुदीने सांगितलं. थोडक्यात, क्रमाने, जसं रिपोर्टमध्ये लिहायचं तसं. योगिनी चपला न काढताच आत आली.

“सातला अजून वेळ आहे की.”

“आहे. पस्तीस मिनिटं.”

“मग? मुलं अशीच असतात हो. आमचा रूपेश दुबईला उतरला की दोन-दोन दिवस पत्ता नसतो, आणि नवरा आहे तो. बॅटरी संपली असेल. खात बसले असतील कुठे तरी.”

“असतील.”

“आणि सातला नाही आली तर?”

“त्या नंबरवर फोन करायचा. तिकडच्या पोलिसांचा आहे.”

योगिनीने आवाज खाली आणला, जिन्यात कुणी ऐकत असल्यासारखा. “ताई, रागावू नका. पण पोलीस म्हणजे... त्याचे पेपर चालू आहेत ना तिकडे? कायम राहायचे? उगीच नाव कुठे लिहिलं गेलं तर. तो परत येऊन झोपला असेल आणि दारात पोलीस. माझं ऐका, दहापर्यंत थांबा जरा.”

थांबा, हा शब्द कौमुदीने ऐकला. वाईट बोलत नव्हती योगिनी. कौमुदीने स्वतः दुसऱ्या कुणाला हेच सांगितलं असतं. खाली इद्रीसने हॉर्न दिला, एक लांब आणि एक छोटा.

“तू जा,” ती म्हणाली. “गाडी खोळंबेल.”

“आणि तुमच्या साहेबांना काय सांगू?”

“सांग, मुलगा सापडत नाहीये.”

वाक्य तोंडातून गेल्यावर तिलाच ते कुणी दुसऱ्याने म्हटल्यासारखं वाटलं. योगिनी तिच्या दंडाला हात लावून गेली. बसचा आवाज गल्लीच्या टोकाशी वळला आणि मग शाळेच्या गाड्यांच्या आवाजात मिसळला. समोरच्या गच्चीवर कुणी तरी चादर झटकत होतं. रात्रीच्या धुळीचा पातळ थर खिडकीच्या काचेवर होता आणि त्यातून उजेड पिठूळ येत होता. ती फोनसमोरच्या खुर्चीत बसली. सात वाजेपर्यंत बसणं भाग होतं. मुदत म्हणजे मुदत, तिच्या आधी केलेला फोन हा घाबरटपणा ठरला असता आणि नचिकेतला ते कधीच आवडलं नसतं. ती बसली आणि तिला आपण त्याच जुन्या पद्धतीने बसलो आहोत हे कळलं, पाय जुळवून, हात मांडीवर, नाव पुकारण्याची वाट बघत. तिने हात खुर्चीच्या दांड्यावर ठेवले. ते तिथे राहिनात. पावणेसात. सातला दहा कमी. पोलिसांना सांगितलं आणि तो सुखरूप असला तर तो चिडेल, त्याचं नाव लिहिलं जाईल, तो पुढच्या वेळी त्या ओळीत दुसरं कुणाचं तरी नाव घालील किंवा ती मोकळी सोडील. सांगितलं नाही आणि तो सुखरूप नसला तर. दोन बाजू समान नव्हत्या. हे गणित सोपं होतं. सोपं असून कठीण जात होतं, एवढंच. सात वाजले. ती आणखी थांबली, काटा पुढच्या रेघेवर जाईपर्यंत, आणि मग तिला स्वतःचीच चीड आली. तिने नंबर फिरवला.

बाईचा आवाज होता, सर्दी झालेला. कौमुदीने इंग्रजीत सांगितलं, आधी मुलाचं नाव, मग दरी, मग वेळ. नाव दोनदा एकेक अक्षर करून सांगावं लागलं.

“मॅम, तुम्ही कुठून बोलताय?”

“कुवेत.”

“ओके,” बाई म्हणाली. “किती जण गेले होते?”

“तीन. दोघं त्याच्या कामावरचे.”

“त्यांची नावं?”

फॉर्ममध्ये नावं नव्हती. ‘पार्टी ऑफ थ्री’ इतकंच. शुक्रवारी तो ‘ते दोघं’ असं म्हणायचा.

“नाही माहीत.”

“कोणाच्या ट्रकमधून गेले? त्याच्या की त्यांच्या?”

“त्याच्याकडे ट्रक आहे का ते...” ती थांबली. “नाही माहीत.”

“अंगावर कुठल्या रंगाचा सूट? हेल्मेट?”

“नाही.”

“तो गावात नवीन आहे का, मॅम?”

“दीड वर्ष झालं,” कौमुदी म्हणाली. बाईने काही तरी टाइप केलं. तिने पुढे विचारलं तेव्हा ती जरा हळू बोलत होती. गावात त्याच्या जवळचं कुणी आहे का, मैत्रीण, शेजारी, ज्याला फोन करता येईल असं? कौमुदीने मनात सगळे शुक्रवार धुंडाळले. थंडी, पगारवाढ, आमटीला हिंग मिळत नाही, गाडीचे टायर. बर्फात कसं शोधायचं ते तर सगळं. एकही माणसाचं नाव नव्हतं.

“आधी आम्ही त्याच्या घरी गाडी पाठवतो,” बाई म्हणाली. “मग डोंगराकडे. फोन मोकळा ठेवा.”

पंचवीस मिनिटं गेली. त्यात ती उठली नाही. त्यात तिने कुठलाही देव आठवला नाही, फक्त एक-एक करून विचारलेले प्रश्न पुन्हा आठवले, परीक्षेचा पेपर कोरा देऊन आलेल्या मुलीने आठवावेत तसे.

फोन वाजला आणि तिने तो वाजू दिला नाही.

“आई?” नचिकेतचा आवाज. “तू पोलिसांना फोन केलास?”

“हो.”

“दोन ऑफिसर आले होते. टॉर्च घेऊन. गेले आत्ता.”

“लागलंय कुठे?”

“नाही गं. मी घरीच आहे.”

“कधी पोचलास?”

“गेलोच नाही,” तो म्हणाला.

ती थांबली, पण हे थांबणं वेगळं होतं, त्याला बोलता यावं म्हणून.

“ते दोघं काल संध्याकाळीच निघाले. त्यांना दुसरा एक जण मिळाला. त्याचा ट्रेलर मोठा आहे, तीन गाड्या बसतात. मला सकाळी मेसेज दिसला. इट्स ओके. होतं असं.”

“मग मला कळवायचं नाही?”

“काय कळवू? एक रिंग म्हणजे पोचलो. मी गेलोच नाही तर पोचलो कसा? खोटं झालं असतं ते.” हे तो खरंच मनापासून म्हणत होता, हे तिला कळलं, हा हट्टी काटेकोरपणा तिचाच होता. “दोन दिल्या असत्या तर तू फोन केला असतास आणि विचारलं असतंस. मग मोबाइल बंद केला. घरातला फोन वाजला तेव्हा उशी घेतली डोक्यावर.”

“मी काळजीत असेन, असं नाही वाटलं?”

“वाटलं. पण तू पोलिसांना फोन करशील असं नाही वाटलं. वाटलं, तू थांबशील.”

त्यात आरोप नव्हता. एखादं मोजमाप वाचून दाखवावं तसा तो बोलला होता. तिने रिसीव्हर या कानावरून त्या कानावर घेतला.

“त्या पहाटे मी थांबले होते,” ती म्हणाली.

“हो.”

“तू विचारलं होतंस.”

“हो,” तो म्हणाला. “मी पण थांबलो ना पण.”

“तू लहान होतास, नचिकेत.”

त्याने नाक ओढलं. सर्दीचं असेल, नसेल. तिकडे कुठे तरी हीटर सुरू झाल्याचा घों-घों आवाज आला. तिच्या तोंडाशी नेहमीचा प्रश्न आला, जेवलास का, राजाभाऊ गेल्यापासूनची सातही वर्षं तो सगळ्या प्रश्नांच्या जागी विचारून झालेला. त्याचं उत्तरही तिला पाठ होतं.

“तू कुणाबरोबर जेवतोस?” तिने विचारलं.

“म्हणजे?”

“रोज. कुणाबरोबर जेवतोस?”

तिने रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. 

“मंगळवारी एक जण असतो,” तो म्हणाला.

“आणि बुधवारी?”